तंबू उखडले की बाग सुरक्षित होते?

बागेत तंबू ठोकून राहणाऱ्या बेघर कुटुंबांबद्दल सध्या एक मजकूर भराभर पुढे पाठवला जातोय: ‘बागा मुलांसाठी आहेत. तंबू ठोकून राहणाऱ्यांना हाकला, बाग सुरक्षित होईल. निवारे आहेत, यांनाच तिथे जायचं नाही. दया दाखवाल तर आणखी येतील.’ यातलं एकेक विधान तपासू या.

बागा मुलांसाठी आहेत, हे मान्य. उघड्यावरच्या शेगड्या, गवतात पडलेल्या नशेच्या इंजेक्शनच्या सुया, शौचालयाअभावी होणारी घाण हे धोके खरेच आहेत. पण तंबूत झोपणाऱ्यांतही मुलं आहेत. बंद तंबूत शेगडी पेटली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आधी त्यांच्याच जिवावर उठतो.

हाकललं म्हणजे बाग सुरक्षित झाली, ही मात्र निव्वळ गल्लत आहे. हाकललेलं कुटुंब पुलाखाली, गाडीत, नाहीतर पुढच्या बागेत जातं. पालिकेचं पथक येतं आणि तंबू सामानासकट कचरागाडीत टाकतं. त्यातच मुलाचा दम्याचा पंप, जन्मदाखला, घराच्या अर्जाची कागदपत्रं जातात. अर्ज पुन्हा पहिल्यापासून! म्हणजे ज्या वाटेने ते बागेतून बाहेर पडणार होते, तीच आपण बंद करतो. अमेरिकेतल्या सॅन डिएगोत २०१६ ते २०१८ दरम्यान हेपॅटायटिस ए हा यकृताचा संसर्गजन्य आजार पसरला आणि २० जण दगावले. रुग्णांत बेघर लोक मोठ्या संख्येने होते. साथ आटोक्यात आणायला लसीकरण, हात धुण्याची सोय आणि रस्त्यांची स्वच्छता करावी लागली.

‘निवारे आहेत’ म्हणणाऱ्यांनी तिथले नियम वाचावेत. अनेक ठिकाणी बापाला वेगळं राहावं लागतं, वयात आलेल्या मुलाला आईबरोबर प्रवेश नसतो. शिवाय सरकारी यंत्रणा मुलं ताब्यात घेईल ही धास्ती. एक खाट रिकामी असली म्हणून अख्ख्या कुटुंबाची सोय होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ग्रँट्स पास या शहराच्या खटल्यात उघड्यावर झोपणाऱ्यांना दंड करायला शहरांना मोकळीक दिली. पण भाडं परवडत नाही त्याच्या डोक्यावर दंडाची थकबाकी चढवून घर कसं मिळणार?

राहिली दया. ती म्हणजे तंबू कायमचे राहू देणं नव्हे. अमेरिकी गृहनिर्माण खात्याच्या ‘फॅमिली ऑप्शन्स’ अभ्यासात दीर्घकालीन भाडेसाहाय्य देऊ केलेल्या कुटुंबांमध्ये बेघरपणाचं प्रमाण, फक्त नेहमीची मदत मिळालेल्या कुटुंबांच्या तुलनेत, निम्म्याहून कमी होतं. बागाही मोकळ्या होतात त्या अशाच.

तोवर फिरती शौचालयं, सुयांसाठी बंद डबे, खेळाच्या जागेपासून अंतर आणि शेगडीऐवजी शिजवलेलं जेवण द्या. हलवायचंच असेल तर आधी सूचना द्या, सामान जपून ठेवा आणि त्याच दिवशी आईबाप-मुलांना एकत्र राहता येईल अशी खोली द्या.