‘वॉटरप्रूफ’ सेफ्टी शूज पंधरा दिवसांत गेले, या तक्रारीवर दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय: ‘साइटसाठी मेअखेर सेफ्टी शूजचे दोन जोड घेतले. वॉटरप्रूफ आहेत म्हणून सांगितलं. माझ्या बुटात पंधरा दिवसांत पाणी, चामडं कडक. ऑपरेटरच्या जोडाचा सोल दुसऱ्याच दिवशी तुटून पडला. डुप्लिकेट माल. परत द्यायला गेलो तर गल्ल्यावरच्या बाईंनी हात झटकले.’

गल्ल्यावरची बाई म्हणजे मीच. दुकान माझंच आहे, तेव्हा उत्तरही मीच देते.

आधी हात झटकल्याचं. तुम्ही आलात तो शाळा सुरू व्हायच्या आधीचा रविवार. त्या दिवशी चिपळूणच्या बाजारात बुटांच्या दुकानात काय चाललेलं असतं ते तुम्ही पाहिलंतच. एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात गेल्या वर्षीचा काळा बूट घेऊन आया दारापर्यंत उभ्या. मी तुमचा एक बूट हातात घेतला, कडेला सिमेंटचा करडा थर दिसला, ‘सिमेंटात वापरलेत, याला वॉरंटी नाही’ एवढं बोलले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. दुसरा जोड तर तुम्हाला पिशवीतून काढूही दिला नाही. हे माझं चुकलं. तुम्ही रागाने पिशवी काउंटरवर टाकून गेलात ते एका परीने बरंच झालं, कारण सोमवारी दुपारी दुकान रिकामं झाल्यावर दोन्ही जोड नीट बघता आले.

ऑपरेटरचा दहा नंबरचा जोड आधी घेते, कारण त्यात तुमचा काडीचाही दोष नाही. सोल तुटला असं तुम्ही लिहिलंय, पण तो आतून विरलेला आहे. अंगठ्याने दाबला तर बेसनाचा लाडू फुटावा तसा भुगा हातात आला. हा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल. हलका, पायाला मऊ, दिवसभर उभं राहायला सोपा, म्हणून बऱ्याच सेफ्टी शूजना हाच असतो. त्याचं वाईट एवढंच की हवेतला दमटपणा त्याला हळूहळू खातो, बूट खोक्यात नुसता पडून असला तरीही. बाहेरून कोरा करकरीत दिसतो आणि अंगाचं वजन पडलं की एक-दोन दिवसांत सुटतो.

कुठलाही असा बूट घेताना सोल उलटा करून बघा. घड्याळाच्या तबकडीसारखा रुपयाएवढा गोल बहुतेकांवर असतो. कडेने १ ते १२ आकडे, मध्ये बाण आणि वर्षाचे दोन आकडे. बाण ज्या आकड्यावर, त्या महिन्यात सोल ओतलेला. तुमच्या ऑपरेटरच्या जोडावर मध्ये २० आहे. म्हणजे माल २०२० सालचा.

तो तुमच्यापर्यंत आला कसा, तेही सांगते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारात भरलं तेव्हा आमचं खालचं दुकान सगळं गेलं. माळ्यावरची खोकी तेवढी वाचली. वाचली म्हणून आम्ही ती सोन्यासारखी जपली, आणि दहा नंबर मुळात फारसा खपत नाही, म्हणून ते तिथेच राहिले. तुम्हाला दहा नंबर हवा होता, खाली नव्हता, दुकानातला मुलगा माळ्यावर चढला. त्याने तबकडी पाहिली नाही, आणि बघायची असते हे मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. पुरातून वाचलेला माल आमच्या चार पावसाळ्यांच्या ओलाव्याने खाल्ला आणि तो मी तुम्हाला नवा म्हणून विकला. याचे पूर्ण पैसे परत. माळ्यावरच्या उरलेल्या अकरा जोडांचे सोलही मी दाबून बघितले. तीन तर हातातच भुरभुरले. सगळेच विक्रीतून काढलेत.

‘डुप्लिकेट’ हे मात्र मान्य नाही. बुटावर आयएसआय मार्क आहे, त्यावर आयएस १५२९८ हा सेफ्टी शूजच्या मानकाचा नंबर लिहिलाय आणि खाली परवान्याचा सीएम/एल नंबर आहे. बीआयएस केअर नावाचं सरकारी अॅप आहे, त्यात तो नंबर टाकला की कंपनीचं नाव येतं. मी टाकून बघितला, तुम्हीही बघा. माल जुना निघाला ही माझी लाज, पण खोटा माल मी ठेवत नाही.

आता तुमचा आठ नंबर. आतलं सुकतळं काढलं तर खाली पांढरट करडी भुकटी. बोटांच्या वरचं चामडं भाजलेल्या पापडासारखं, दुमडलं की तडकतंय. जिभेजवळच्या शिवणीचा दोरा तीन ठिकाणी गेलाय. पाणी शिरलं ते तिथून. तुम्ही त्या दिवशी बोलता बोलता म्हणालात की गटाराचं काँक्रीट पावसाआधी उरकायचं होतं, दिवसदिवस ओल्या काँक्रीटात उभे होतात. दादा, ओल्या सिमेंटचं पाणी चुन्याच्या निवळीसारखं जहाल असतं. कातडं कमावताना केस सुटावेत म्हणून ते चुन्यात टाकतात, ठाऊक असेल. तेच काम तुमच्या बुटावर रोज आठ तास चाललं होतं. कितीही महाग चामडं घ्या, तिथे ते टिकत नाही. बुटाचं जाऊ द्या, ते पाणी मोज्यात मुरून तासन्‌तास राहिलं तर पायाची सालटं निघतात. गवंड्यांच्या बोटांना भोकं पडलेली तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली असतील.

आणखी एक दिसलं. उजव्या बुटाची फक्त बाहेरची बाजू आखडलीय. एकाच अंगाने असं आखडतं ते बूट जाळासमोर किंवा हॅलोजनसमोर वाळवल्यावर. चूक काढत नाही, घाईत सगळेच करतात. सुकतळं काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे आणि पंख्याखाली ठेवायचे. सकाळपर्यंत वाळतात.

पण मुळात चामड्याचा बूट तुम्हाला द्यायलाच नको होता, आणि इथे दोष परत आमच्याकडे येतो. मुलाला विचारलं. ‘वॉटरप्रूफ आहेत, बिनधास्त घाला’ असं तो म्हणाल्याचं त्याने कबूल केलं. तुमच्या बुटाच्या जिभेवर एस-३ छापलंय. त्याचा पाण्यापुरता अर्थ असा की वरचं चामडं तासभराच्या चाचणीत पाणी फारसं आत येऊ देत नाही. शिवणींबद्दल ते काही बोलत नाही. अख्खा बूट पाण्याला तपासला असेल तर डब्ल्यूआर ही अक्षरं असतात. नुसती डब्ल्यूआरयू असतील तर पुन्हा वरच्या चामड्यापुरतंच. आणि एस-४, एस-५ म्हणजे संपूर्ण रबरी किंवा पीव्हीसीचा बूट, ज्यातून पाणी यायला शिवणच नाही. गिऱ्हाइकाला ही अक्षरं पाठ असायचं काहीच कारण नाही. दुकानदाराला असायला हवीत. ‘काम काय करता आणि पाणी कुठपर्यंत येतं’ हे दोन प्रश्न मुलाने विचारले असते तर तुम्ही वेगळा माल घेऊन गेला असतात.

तो माल म्हणजे स्टील टोचा, म्हणजे बोटांवर स्टीलची टोपी असलेला पीव्हीसी गमबूट, सोलमध्ये स्टीलची प्लेट असलेला. प्लेटवर मी एवढा भर देते कारण सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीटच्या साच्याच्या फळ्या काढल्या की खिळे वर तोंड करून पडलेले असतात, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतो तो साडेचारशेचा साधा गमबूट. त्यातून खिळा लोण्यासारखा आरपार जातो. लोक पाण्यापासून पाय वाचवतात आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला जातात. टो २०० ज्यूलचा हवा, म्हणजे वीस किलोचं वजन साधारण मीटरभरावरून पडलं तरी बोटं शाबूत राहावीत इतका. (भातलावणीला मात्र गमबूट मागायला कुणी आलं तर मी स्वतःच नको म्हणते. चिखल बूट धरून ठेवतो आणि माणूस मोज्यावर बाहेर येतो. काजूच्या बागेत बेणणी, म्हणजे गवत काढणी करायची असेल, फुरशाची भीती असेल, तर साधाही चालेल, फक्त उंच घ्या.)

एक आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुन्हा एक स्टार द्याल. गमबुटातही संध्याकाळी मोजा ओला निघेल. तो घाम. हवा जायला जागाच नाही. गळतोय की घाम आहे हे बघायचं तर पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसं करायचं. रिकाम्या बुटाचं तोंड घट्ट मुठीत आवळायचं, बादलीत दाबायचं आणि बुडबुडे बघायचे. बुडबुडे आले तर बूट घेऊन या, मी बदलून देईन. नाही आले तर जेवणाच्या सुट्टीत मोजे बदला. गोरटेक्सवाले ट्रेकिंगचे बूट बघू नका, सिमेंटाच्या कामात ते पैसे पाण्यात.

हिशेब असा. दहा नंबरचे पूर्ण पैसे. आठ नंबरचे निम्मे, कारण बूट वापरले गेलेत पण चुकीचे आम्ही दिले. रोख नको असतील तर आठ नंबरचीही पूर्ण रक्कम धरून स्टील टोचे गमबूट न्या, मग वर काही द्यावं लागणार नाही. ऑपरेटरला दहा नंबर मी मागवून ठेवलाय, तबकडी बघूनच घेतला. स्टार वाढवा असं म्हणत नाही, फक्त ‘डुप्लिकेट’ तेवढं काढलंत तर बरं होईल.

बिल सापडत नसेल तर राहू द्या, आमच्या वहीत नोंद आहे. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, त्यानंतर या. आणि येताना साइटवर घालता ते मोजे घेऊन या. गमबुटाचं माप पातळ मोज्यावर घेतलं तर पुढच्या आठवड्यात टाचेला फोड येईल.