‘पाच वर्षांपर्यंत थांबा’ हा सल्ला चुकीचा
‘मुलगे उशिराच बोलतात, ऑटिझमची तपासणी पाच वर्षांआधी होतच नाही,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. प्राथमिक चाचपणीची एम-चॅट प्रश्नावली 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठीच आहे. अर्थात ती म्हणजे निदान नव्हे. नावाने हाक मारल्यावर न बघणं, बोट करून वस्तू न दाखवणं, येत असलेले शब्द जाणं (यात तर अजिबात थांबू नका) असं दिसलं की बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानही तपासून घ्या. एमआरआय किंवा रक्तचाचणीने ऑटिझमचं निदान होत नाही. मुलाचं वागणं पाहून आणि पालकांशी बोलून होतं. सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ही तपासणी मोफत होते. स्पीच थेरपी निदानाचा कागद हातात येण्याआधीही सुरू करता येते.