मासे वाढले म्हणून पॉरपॉइज वाढले? जरा थांबा

एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतंय. चीनने यांगत्से नदीत मासेमारी बंद केली, मासे वाढले आणि संपत आलेले पॉरपॉइज (डॉल्फिनसारखा दिसणारा छोटा सस्तन प्राणी) लगेच परत आले, म्हणजे प्रश्न फक्त त्यांच्या पोटाचा होता, आपल्याकडेही हेच करा. अर्धं खरं आहे, म्हणून तर जास्त पसरतंय.

"लगेच परत आले." नदीतल्या पॉरपॉइजचे आकडे बघा. २००६ ला साधारण १,८००, २०१२ ला १,०४५, २०१७ ला १,०१२, २०२२ ला १,२४९. १० वर्षांची बंदी मुख्य नदीत १ जानेवारी २०२१ ला लागली (काही राखीव भागात एक वर्ष आधी) आणि शेवटची गणना सप्टेंबर २०२२ ला सुरू झाली, म्हणजे मध्ये पुरती दोन वर्षंही नाहीत. मादी एका वेळी एकच पिल्लू देते, पोटात जवळपास वर्षभर वाढवते. मग २३७ ची वाढ फक्त या बंदीच्या माशांवर झाली म्हणायची? शिवाय घसरण तर २०१२ ते २०१७ मध्येच जवळजवळ थांबली होती, तेव्हा कुठे होती बंदी.

"प्रश्न फक्त पोटाचा होता." हे मला सगळ्यात खटकतं. बंदीने एक लाखाहून जास्त होड्या पाण्याबाहेर गेल्या, आणि त्यांच्यासोबत जाळी, तळाशी सोडायचे गळांचे दोर, शॉक देऊन मासे मारायची चोरटी मशीनं पण कमी झाली. म्हणजे मासे वाढणं आणि मरणाची कारणं कमी होणं एकदमच घडलं, त्यातलं एकच उचलून क्रेडिट कसं देणार? याच नदीतला बायजी डॉल्फिन २००६ च्या शोधमोहिमेत एकही सापडला नाही, आणि त्याचे किती बळी या गळांनी घेतले हे नोंदलेलं आहे.

"मासे असतील तिथे पॉरपॉइज येतातच." येतात, हे खरंय. पोयांग सरोवर नदीला मिळतं ते हुकोऊ, दोन प्रवाहांचे संगम, वाळूच्या पट्ट्यांच्या कडा, जिथे बारीक मासे गोळा होतात तिथेच हे घुटमळतात. पण बारीक मासे बरं का! हा प्राणी मासा अख्खा गिळतो, त्यामुळे मोठा कार्प कितीही असला तरी त्याला उपयोग शून्य. आणि शिकार तो आवाजाच्या प्रतिध्वनीवर करतो, मग डोक्यावरून दिवसरात्र मालवाहू जहाजं जाणार, पोयांगमध्ये वाळू उपसणाऱ्या बोटी तळच खरवडणार, तर तिथे मासा असून काय कामाचा? चीनच्या हूबेइ प्रांतातलं तिआन-ए-झोऊ, म्हणजे नदीचा तुटलेला जुना बाक, तिथे १९९० पासून आणून सोडलेले पॉरपॉइज वाढत गेले, कारण तिथे मासा तर आहेच पण जहाजांची वाहतूक नाही.

"आपल्याकडेही हेच करा." आपल्या कोकण किनाऱ्यावर फिनलेस पॉरपॉइज आहे, पण तो समुद्रातला, वेगळ्या जातीचा. तो किनाऱ्याजवळच्या माशांमागे येतो आणि तिथेच आपली गिलनेट (पाण्यात भिंतीसारखी उभी सोडलेली जाळी) लागलेली असतात, त्यात अडकला की श्वास घ्यायला वर येता येत नाही आणि बुडून मरतो. तिथे मासे वाढवून जाळी तशीच ठेवली तर काय होईल ते तुम्हीच सांगा.