आजीकडे माणसं जमायची ती कामासाठी

मे महिना आला की आजोळच्या आठवणींना पूर येतो. आमरसाची पातेली, ओसरीवरच्या पंगती, रात्री गच्चीवर घातलेल्या गाद्या. सगळं खरं आहे. पण आजीचं स्वयंपाकघर एवढं भरलेलं का असायचं, याचं कारण फार कमी जण लिहितात. पाच-सहा बायका, त्यांची पोरं आणि शेजारच्या दोघी पहाटे पाचला एका घरात जाग्या असायच्या त्या नुसत्या गप्पा मारायला नव्हे. वाळवणं घालायची असायची. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, साबुदाण्याच्या चकल्या. वळीव कोसळायच्या आत वर्षाची बेगमी डब्यात जायला हवी, आणि एकट्या बाईच्या हातून ती होत नाही. माहेरवाशिणी उन्हाळ्यात येत त्याला पोरांच्या सुट्टीइतकंच हेही कारण होतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की आजीकडचं ते जमणं पुन्हा हवं असेल तर हॉल घेऊन केटरर सांगून ते येणार नाही. जेवायला बोलावलेली माणसं जेवतात, फोटो काढतात आणि निघतात. कामाला बोलावलेली माणसं दिवसभर राहतात. हात गुंतलेले असले की तोंड मोकळं राहतं, आणि एरवी कधी न निघणाऱ्या घरातल्या गोष्टी तेव्हाच निघतात. कुठल्या आत्याचं लग्न कसं ठरलं, कुठली जमीन कुणाच्या शब्दावर गेली, हे सगळं पापडाच्या लाट्या करताना कळायचं.

त्यातही एकच वाळवण निवडायचं असेल तर कुरडई निवडा. ती चार-पाच दिवस चालते, तिच्यात आठ वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळ्यांना काम आहे, आणि एकट्याने करायला गेलं तर फसते. फ्लॅटमध्येही होते, फक्त गच्चीची किल्ली आधी मागून ठेवा.

रविवारी सकाळी कुरडया घालायच्या असतील तर बुधवारी सकाळी गहू भिजत पडला पाहिजे. आठ-दहा माणसांना २ किलो पुरेसा आहे. पहिल्यांदाच करत असाल तर १ किलोच घ्या. लोकवन जातीचा गहू चांगला. गहू निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुवून, वर चार बोटं पाणी राहील असा मोठ्या पातेल्यात भिजवायचा. तीन रात्री. रोज सकाळी पाणी बदलायचं, आणि हे कुणाच्या तरी नावावर लावून द्या, कारण बहुतेक घोटाळा इथेच होतो. एक दिवस पाणी बदलायचं राहिलं की गहू उग्र आंबतो आणि तो वास तळलेल्या कुरडईतही येतो. उलट घाई करून दीड दिवसात वाटला तर दाण्यातलं सत्त्व सुटतच नाही. भिजताना गहू हलका आंबतो, त्यामुळे दाण्याची पकड सैल होते आणि आतला पांढरा भाग मोकळा होतो. तिसऱ्या रात्रीनंतर एक दाणा चिमटीत दाबून बघा. दुधासारखा पांढरा चीक बाहेर आला आणि हातात नुसतं साल राहिलं, तर गहू तयार आहे.

शनिवारी सकाळी वाटण. पूर्वी पाट्यावर किंवा रगड्यात व्हायचं, आता मिक्सर. पण मिक्सर सलग फिरवू नका. भरपूर पाणी घालून थांबत थांबत फिरवा, तेही दाणा फुटेपर्यंतच. गंधासारखं बारीक वाटलं की कोंडाही बारीक होतो, चाळणीतून खाली उतरतो आणि कुरडई काळपट होते. सालपटं मोठी राहिली तर ती वर अडकतात आणि खाली शुभ्र चीक पडतो. वाटलेलं आधी पिठाच्या चाळणीतून आणि मग पातळ मलमलच्या फडक्यातून गाळायचं. चोथा पुन्हा पाण्यात कुस्करून गाळायचा, निदान दोनदा. तिसऱ्यांदा पाणी जवळजवळ निवळ येतं, तिथे थांबा. कुस्करण्याचं हे काम मुलांना द्या. कोपरापर्यंत हात बुडवायची परवानगी त्यांना एरवी कुणी देत नाही.

चोथा फेकू नका. खानदेश, मराठवाडा, विदर्भात त्याच्या भुसवड्या करतात. मीठ, तिखट, तीळ, जिरं घालून शिजवून, थापून वाळवलेल्या. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते हेच.

गाळलेला चीक रात्रभर अजिबात न हलवता ठेवायचा. पातेलं शनिवारी दुपारीच ओट्यावर, जिथे सकाळी पाणी ओतायला सोयीचं पडेल अशा जागी ठेवा. नंतर उचलून नेलंत की बसलेला चीक पुन्हा ढवळतो. सकाळी तळाशी घट्ट पांढरा थर आणि वर पिवळसर पाणी दिसतं. ते पाणी पातेलं अलगद कलतं करून, सगळंच्या सगळं ओतून टाका. शेवटी चिकावर एक राखी, बुळबुळीत साय राहते, तीही चमच्याने काढा. कुरडया तळल्यावर लाल पडतात त्याचं मुख्य कारण हे राहिलेलं पाणी आहे. तेल किंवा गहू बदलून काही उपयोग नाही. थोडा चीक वाया जाईल म्हणून हात आखडता घेऊ नका.

आता शिजवणं, आणि इथे घरातली बळकट माणसं पुढे आली पाहिजेत. माप सोपं आहे: एक वाटी दाट चीक, एक वाटी पाणी. वाटीमागे अर्धा चहाचा चमचा मीठ. चीक चाखून खारट लागला नाही तरी मीठ वाढवू नका, कारण वाळल्यावर पाणी उडून जातं आणि मीठ तेवढंच राहतं. चार वाट्यांना पाव चमचा हिंग आणि चमचाभर तेल. एका वेळी चार-पाच वाट्यांच्या वर चीक घेऊ नका, घोटता येत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात पाण्याला खळखळून उकळी आणा, मग आच मध्यम करा. एकाने चीक बारीक धारेने ओतायचा आणि दुसऱ्याने लाकडी दांड्याने एका दिशेने न थांबता घोटायचं. तिसऱ्याने पातेलं फडक्याने घट्ट धरायचं, नाहीतर ते दांड्याबरोबर फिरतं. हे तीन माणसांचं काम आहे आणि तिघांचं लक्ष लागतं. पाणी पुरेसं उकळलेलं नसेल किंवा धार जाड पडली तर गुठळ्या होतात, आणि चिकाची गुठळी नंतर मोडत नाही. ती सोऱ्याच्या भोकात अडकते.

दोन-तीन मिनिटांत चीक एकदम घट्ट होतो. बघणाऱ्याला वाटतं झाला. झालेला नसतो. झाकण ठेवून मंद आचेवर वाफ आणायची, मध्ये पुन्हा घोटायचं, पुन्हा वाफ. पांढरा, अपारदर्शक चीक हळूहळू काचेसारखा चमकू लागतो. ओलं बोट लावून बघायचं: चिकटला नाही तर शिजला. कच्च्या चिकाची कुरडई वाळल्यावर पिठूळ होते, डब्यातच तुटते आणि तळताना फुलत नाही.

याच क्षणी पहिला घाणा पोरांना वाटीत द्यायचा असतो. गरम चीक, वर तूप आणि साखर, किंवा दूध-साखर. काही घरांत कच्चं तेल आणि तिखट. वाळवणाच्या दिवसाचा खरा नाश्ता हाच, आणि तो विकत मिळत नाही.

सोऱ्याला आतून तेलाचा हात, शेवेची मधल्या भोकांची चकती, आणि चीक गरम असतानाच भरायचा. गार झाला की आखडतो, सोऱ्या दाबून दाबून हात भरून येतात आणि तार तुटत राहते. उरलेलं पातेलं झाकून, खाली अगदी मंद आच किंवा गरम पाण्याचं भांडं ठेवा. प्लॅस्टिकच्या कागदावर दोन-तीन वेढ्यांची, हातभर अंतरावरून न सोडता जवळून घातलेली कुरडई नीट बसते. मधोमध ढीग करू नका. कडा वाळतात, मध्य ओला राहतो आणि आठवड्याने तिथेच बुरशी धरते. जुन्या धोतरावर किंवा पातळावर घातल्या तरी चालतात, फक्त काढताना कापडाला मागून पाण्याचा हात लावावा लागतो.

सकाळी नऊच्या आत सगळ्या उन्हात गेल्या पाहिजेत. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही, मग आपोआप सुटतात. दुसऱ्या दिवशी उलटवायच्या. दोन ते तीन कडक उन्हं लागतात. ढग आले तर घरात पंख्याखाली पसरा, पण एकावर एक रचू नका. वाळलेली कुरडई कडकन मोडते, वाकत नाही. उन्हातून आणून लगेच डब्यात भरणं ही आणखी एक नेहमीची चूक: गरम कुरडईला डब्यात घाम येतो. तासभर सावलीत निवू द्या.

कोकणात कुरडईचा एवढा पसारा नसतो. तिथल्या आज्यांचा उन्हाळा आमसुलं, आंबोशी, फणसाची साठं यात जातो. आमसुलांसाठी कोकमाची सालं मीठ घातलेल्या कोकमाच्याच रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. ज्यांचं आजोळ तिकडचं त्यांनी तेच करावं. उगाच कुरडईचा हट्ट कशाला?

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. या आठवणी गोड आहेत त्या आपल्याला, कारण आपण तेव्हा चीक खाणारे होतो. पहाटे चारला उठून चूल पेटवणाऱ्या, धुरात चीक घोटणाऱ्या बायकांना त्या दिवशी पाठ टेकायला मिळायची नाही, आणि ओसरीवरच्या पुरुषांना चहा वेळेवर लागायचा. या कामाला मोल आहे हे घरात कुणी म्हणत नव्हतं. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. घरोघरी फुकट होणारं तेच काम, तेच हात. म्हणून पुन्हा वाळवणाचा दिवस करायचा असेल तर घोटायला, सोऱ्या दाबायला आणि भांडी घासायला पुरुषांनी उभं राहायचं, हे आमंत्रण देतानाच ठरवून टाका. सोऱ्या दाबायला ताकद लागते, ती असलेली माणसं सोफ्यावर बसलेली बघवत नाहीत. चिकाचं पातेलं गार पाण्यात भिजवून ठेवा, तासाभराने पापुद्रा सुटतो. गरम पाण्याने चिकट होतं.

आजी असेल तर तिला खुर्चीत बसवा, पातेल्याजवळ. तिला 'किती मीठ' विचारू नका, ती 'अंदाजाने' म्हणणार. तिला तिच्या हाताने घालू द्या, त्याआधी मिठाचा डबा वजनकाट्यावर ठेवा आणि नंतर पुन्हा ठेवा. फरक लिहून घ्या. तिची वाटी कुठली तेही बघा आणि त्यात पाणी भरून ते मोजा, कारण तिचं सगळं गणित त्या एका वाटीवर चालतं. पायली-शेराचं माप सांगितलं तर धान्य कुठलं तेही विचारा: पायलीचे चार शेर खरे, पण ते भरून मोजायचं माप आहे, पायलीभर गहू आणि पायलीभर पोहे वजनाला सारखे भरत नाहीत. व्हिडिओ काढणार असाल तर तिच्या चेहऱ्याइतकाच पातेल्याचाही काढा. चीक कधी चमकतो ते तिथे दिसतं, आणि ती दांडा हातात घेऊन 'अजून नाही' म्हणते ते नेमकं कशाकडे बघून, हेही.

तळताना तेल चांगलं तापलेलं हवं. आधी एक तुकडा टाका. लगेच फुलून वर आला तरच पुढची घाला, एका वेळी एकच. कोमट तेलात ती फुलत नाही, तेल पिते. कढई मोठी घ्या, कारण तिप्पट-चौपट होते. पुरणपोळीच्या ताटात होळीला, अक्षय्य तृतीयेला, पोळ्याला ती लागतेच. आणि डब्याच्या तळाशी जो चुरा उरतो त्याची भाजी करा: दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, कांदा आणि हिरवी मिरची घातलेल्या फोडणीवर परतायची. मीठ जपून, ते कुरडईत आधीच आहे.