सेफ्टी म्हणे सेफ्टी!

ठाण्यात नौपाड्यातल्या गल्ल्या मुळात केवढ्याशा, त्यात शाळा सुटायच्या वेळेला एकेका पोराला न्यायला एकेक एसयूव्ही नावाचा रणगाडा येतो आणि डबल पार्किंग करून एसीसाठी इंजिन चालूच ठेवतो, धूर कोणाच्या नाकात तर बाहेर चालत जाणाऱ्या पोरांच्या. बॉनेट एवढं उंच की अगदी पुढून पहिलीतलं पोर गेलं तर दिसणारच नाही. साधी गाडी धडकली तर निदान पायाला लागते, ही थेट छाती-पोटात, लहान मुलाच्या तर डोक्यातच. वर काहींनी पुढे लोखंडी बुलगार्ड ठोकलेत, जे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंद करायला सांगितलेत, पण विचारतंय कोण! बोलायला गेलं की काका काच दोन बोटं खाली करून "सेफ्टीसाठी घेतलीय हो". अहो पण कोणाच्या? आणि इलेक्ट्रिक घेतली की पाप धुतलं असंही नाही, बॅटरीने वजन अजून वाढतं, टायर झिजून धूळ उडते ती उडतेच. त्यात सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा टॅक्स सेससकट ५० टक्क्यांवरून ४० वर आणलाय. घ्या अजून! गोखले रोडला थोडा फूटपाथ शिल्लक आहे, तिथे लावा.