‘शेपटी बदलली तरी अर्थ तोच’? मुळीच नाही

स्पर्धा परीक्षांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘इंग्रजी विशेषणाची शेपटी बदलली तरी अर्थ तोच राहतो. इकॉनॉमिक की इकॉनॉमिकल, हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल, काहीही लिहा. आणि शब्दाच्या सुरुवातीला इन दिसलं की अर्थ उलटा.’ आमच्याकडे गावच्या अभ्यासिकेत तलाठी भरतीची तयारी करणारी पोरं हे वहीत उतरवून घेताहेत. मेहनतीनं चुकीचं पाठ होतंय, याचं वाईट वाटतं.

आधी शेपटीचं बघू. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मावा-तुडतुडे आले की कृषी केंद्रातून इमिडाक्लोप्रिड आणतात. ते सिस्टेमिक कीटकनाशक आहे, म्हणजे आंतरप्रवाही. औषध झाडात शोषलं जातं, रसासोबत फिरतं आणि रस शोषणारी कीड त्यानं मरते. सिस्टेमॅटिक म्हणजे पद्धतशीर. पिकाची एकही ओळ न सोडता क्रमानं फवारलं तर ती फवारणी सिस्टेमॅटिक, मग पंपात औषध कोणतंही असो. हा फरक ज्याला कळत नाही त्याला बाटलीवरचं लेबल कळणार नाही.

इकॉनॉमिकलसाठी मेसेजवाल्यानं ईडब्ल्यूएसचा (इकॉनॉमिकली वीकर सेक्शन, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) पुरावा दिलाय: दाखल्यावर ‘इकॉनॉमिकली’ आहे, म्हणजे इकॉनॉमिकल बरोबर. पुरावा चलाख आहे, पण टिकत नाही. इकनं संपणाऱ्या विशेषणाचं क्रियाविशेषण जवळजवळ नेहमी इकलीच होतं. बेसिकचं बेसिकली होतं, म्हणून बेसिकल असा शब्द कोणी वापरतं का? घरची आर्थिक परिस्थिती ही इकॉनॉमिक कंडिशन. इकॉनॉमिकल म्हणजे कमी खर्चात भागणारं, जसा कमी डिझेल पिणारा ट्रॅक्टर. शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘माय इकॉनॉमिकल कंडिशन’ लिहिणं चूकच.

हिस्टॉरिकमध्ये गोंधळ होतो तो आपल्या ‘ऐतिहासिक’मुळे. तो एकच शब्द दोन्हीकडे चालतो. जुलै १९४२ मध्ये वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला. इतिहास घडवणारा, म्हणून हिस्टॉरिक. गाविलगडाचा जुना नकाशा इतिहासाशी संबंधित, म्हणून हिस्टॉरिकल.

जिओग्राफिक-जिओग्राफिकल, सिमेट्रिक-सिमेट्रिकल अशा काही जोड्यांत अर्थ सारखा असतो, हे मान्य. पण त्यावरून सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही.

राहिला इन. हा मुद्दा तर धोक्याचा आहे. पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. त्यातला इन नकाराचा नाही. पेटवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातूनच तो आलाय. फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल दोन्ही ज्वालाग्राही, न पेटणारं ते नॉन-फ्लेमेबल. मेसेजवर विश्वास ठेवून कोणी त्या टँकरजवळ बिडी पेटवली तर काय होईल? परीक्षेचं जाऊ द्या, निदान एवढ्यासाठी तरी हा मेसेज पुढे पाठवू नका.