तिसऱ्या रांगेत आधी स्वतः बसून दाखवा

सकाळी ग्रुपवर एका मित्राने नव्या ह्युंदाई पॅलिसेड हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या तीन रांगांच्या मोठ्या गाडीचा, व्हिडिओ टाकला. ठाण्यात पातलीपाड्याला बस जागची हलत नव्हती, म्हणून पूर्ण बघितला आणि डोक्यात तिडीक गेली. तो माणूस वीस मिनिटं बोलतोय. स्क्रीन केवढी, सनरूफ केवढं, सीटची शिलाई कशी. तिसऱ्या रांगेकडे कॅमेरा गेला तो जेमतेम पंधरा सेकंद. "इथे मुलं आरामात बसतील," म्हणाला आणि लगेच डिकी उघडून दाखवायला लागला. स्वतः मागे जाऊन बसला नाही.

अहो, आपल्या घरांत मागे मुलं बसतात? मुलं खिडकीसाठी भांडून मधल्या रांगेत बसतात. मागे जाते ती आई. आई नसेल तर मावशी, आत्या, काकू. कुणी सांगावं लागत नाही, त्या आपणहून जातात.

गेल्या गणपतीत भाड्याची सात सीटर घेऊन आम्ही चिपळूणला गेलो. गाडी दारात लागली आणि कुणी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "मी बसते मागे, तुम्ही बसा ऐसपैस." आई सत्तरीची, दोन्ही गुडघे दुखरे. एक हात सीटच्या पाठीवर, दुसरा माझ्या खांद्यावर, साडी सावरत आत शिरली. मग मधली सीट सरळ करून खटकन लावली की तिचा रस्ता बंद. वडखळला चहाला थांबलो, तिला नको होता. कोलाडलाही नको. शेवटी बायकोच्या लक्षात आलं की आई सकाळपासून पाणीच प्यायल्या नाहीत. उतरायची वेळ येऊ नये म्हणून! तिच्यासाठी पिशव्या हलवा, दोन माणसं उतरवा, सीट दुमडा, हा त्रास आम्हाला नको म्हणून.

आणि या गाड्यांना फॅमिली एसयूव्ही म्हणतात.

हायब्रिडबद्दल माझी तक्रार नाही. घोडबंदरला राहणाऱ्या माणसाला त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. कापूरबावडीच्या गर्दीत गाडी इंचाइंचाने सरकते, तेव्हा इंजिन बंद राहून बॅटरीवर चालते, ब्रेक मारला की तीच बॅटरी थोडी चार्ज होते. प्लग लावायची भानगड नाही, सोसायटीच्या कमिटीकडे चार्जरसाठी हात जोडायला नकोत. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडचं कंपनीने सांगितलेलं मायलेज लिटरला २३.२४ किलोमीटर आहे. एवढ्या मोठ्या गाडीला हे खरंच भारी आहे. हायवेला एका वेगाने पळवली की हायब्रिडचा फायदा कमी होतो, पण आपलं आयुष्य हायवेवर नाही, माजिवड्याच्या सिग्नलला चाललंय. आणि तरी इलेक्ट्रिकला ५ टक्के जीएसटी आणि या मोठ्या हायब्रिडला सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. राग येतो. असो, तो विषय वेगळा.

आकाराचं बघा. कोरियात आलेली ही नवी पॅलिसेड ५,०६० मिलीमीटर लांब आणि १,९८० रुंद आहे. आमच्या सोसायटीत पार्किंगचा पट्टा आखलाय पाच मीटर बाय अडीच मीटर. म्हणजे नाक किंवा शेपूट पट्ट्याबाहेर, आणि दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम अर्धा मीटर. शेजारच्या खांबाला न घासता दार किती उघडणार? आणि त्या फटीतून आईने वर चढायचं? हायक्रॉस ४,७५५ आहे, मारुतीची अर्टिगा त्याहूनही छोटी. ठाण्यात त्याच पुरे होतात. मान्य, लांबी वाढली की मागे जागा वाढते. कोरियात तर पॅलिसेड नऊ सीटरमध्येही मिळते, म्हणजे बनवणाऱ्यांनी माणसांचा विचार केलाय. मग दाखवणारा का करत नाही? व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २,९७० म्हणून आकडा फेकतो. त्या आकड्यात आईचे गुडघे छातीला लागतात की नाही, ते सांग ना बाबा! मधली सीट एका हाताने सरकते का? चढताना धरायला काही आहे का? मागच्या सीटची बैठक गाडीच्या फ्लोअरपासून किती उंच आहे? कारण बसकी सीट आणि उंच फ्लोअर असेल तर मांडी अधांतरी राहते, आणि दोन तासांत कंबर बोलायला लागते. मागे एसीची हवा पोचते का?

मघाशी आईला फोन केला. म्हटलं, त्या गाडीत तुला फार त्रास झाला ना. म्हणाली, "छे रे, छान होती गाडी. गार वारा येत होता." मागे एसीचं एकही भोक नव्हतं हो त्या गाडीत. मी स्वतः बघितलंय.

ती पिढी तक्रार करणारच नाही. विचारायचं आपणच. घरात पुढच्या वर्षी गाडी घ्यायचं चाललंय, आणि मी ठरवलंय, टेस्ट ड्राइव्हला स्टिअरिंगवर मी नंतर बसेन. आधी आई मागे बसेल, आणि सेल्समनने कुणाच्याही मदतीशिवाय तिला उतरता येतं का ते तिथेच उभं राहून बघायचं. मॉलमध्ये गाडी मांडून ठेवतात तिथेही मी हेच करणार, लोक बघू देत.

ग्रुपमध्ये हायक्रॉसवाले आहेत, त्यांना एक विचारायचंय. सात सीटरमध्ये मधल्या दोन सुट्या सीटच्या मधून साडी नेसलेल्या बाईला मागे जाता येतं का? की सीट दुमडावीच लागते? स्वतःच्या आईला किंवा सासूबाईंना बसवून बघितलं असेल तरच लिहा. आणि निदान पनवेल ते माणगाव एवढा वेळ बसवलं असेल तर जास्त बरं.